तिसरी नोंद

"मॅडम, माझा संवेदक खोटारडा ठरलाय!" इरफान मुजावरनं पाण्याची बाटली टेबलावर ठेवली आणि खुर्ची दाखवली तरी तो बसला नाही.

डॉ. ऋजुता घाणेकरला हसू आलं. शिरवडीच्या जलमापन प्रयोगशाळेत रोज कोणी ना कोणी गाऱ्हाणं घेऊन यायचंच. पण इरफान त्यांतला नव्हता. सोनजाई नदीच्या पार शेवटाला, खाडीजवळच्या भोगवडीत तो मोजणी केंद्र सांभाळायचा. पाण्यात बुडवलेल्या संवेदकावरचं, म्हणजे सेन्सरवरचं, शेवाळ दर शनिवारी टूथब्रशनं घासून काढणारा असला वेडा माणूस सबंध नदीवर दुसरा नव्हता. शिरवडीला तो यायचा बायकोसाठी. नसरीनची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. भोगवडीत डायलिसिसची सोय नाही, म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार साठ किलोमीटरची खेप.

"चौतिसाव्या वर्षी मूत्रपिंडं गेली, मॅडम. ना शुगर, ना बीपी. आमच्या गल्लीतच अशा पाच जणी आहेत. डॉक्टर म्हणतात, पाण्यात बघा. अहो, मी बघतोच आहे की! आठ महिने माझा संवेदक कॅडमियम दाखवतोय आणि जलभाषेत उमटतंय शून्य."

जलभाषा म्हणजे ऋजुताचं लेकरूच. अकरा वर्षांपूर्वी या नदीवर सतरा खाती होती आणि सतरांच्या सतरा तऱ्हा. कोणी फुटात मोजायचं, कोणी मीटरमध्ये, कोणी कागद कपाटात घालून किल्ली घरी न्यायचं. वरच्या गावाला कळलेलं खालच्या गावाला कळायचं ते तिरड्या उठल्यावर. ऋजुतानं सगळ्यांना एका मापात, एका साच्यात आणि सगळ्यांना दिसेल असं लिहायला लावलं. त्या खुल्या मानकाचं नाव जलभाषा. आता शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या झडपाही जलभाषा वाचून आपोआप उघडत आणि मिटत. माणसानं त्यांना हात लावायचा नाही, असा कायदाच होता.

बाटलीतलं पाणी तिनं स्वतः तपासलं. कॅडमियम या विषारी धातूची मर्यादा लिटरमागे तीन मायक्रोग्रॅम. आकडा आला एकेचाळीस. 

"तीन लाख लोक हे पितायत, इरफानभाई!"

"मग शून्य कोण लिहितंय?"

तिनं कच्च्या नोंदी उघडल्या. "केंद्र बंद पडलं तर जागा रिकामी सोडायची नाही. शेजारच्या तीन केंद्रांवरून अनुमान भरायचं. ते अनुमान आहे अशी खूण करायची, आणि महिनाभर शेजाऱ्यांशी जुळलं की खूण काढायची. असा नियम आहे. एखादं केंद्र शेजाऱ्यांपेक्षा फारच वेगळं बोलू लागलं तर ते बिघडलं असं समजून तिथेही अनुमान भरायचं."

"आणि शेजारीच बंद असले तर?"

"तर ते त्यांच्या शेजाऱ्यांवरून..." ऋजुता बोलता बोलता थांबली.

त्यात भर म्हणून दरवर्षी 'अखंड नोंद' पुरस्कार! एकही जागा रिकामी न सोडणाऱ्या केंद्राला ढाल, शाल आणि श्रीफळ. संवेदक दुरुस्तीला काढला तर नोंद तुटते. मेलेला संवेदक तसाच पाण्यात ठेवला तर अनुमान वेळच्या वेळी भरलं जातं आणि शाल पक्की. मग कोण कशाला चिखलात उतरेल? ही अक्कल एकट्यादुकट्याला नाही, साऱ्या नदीला सुचली होती. ऋजुतानं यादी खालपर्यंत तपासली. केंद्रं दोनशे बारा. खरोखर पाणी मोजणारं एक.

ते एक इरफानचं होतं, आणि त्याला बाकीच्यांनी मिळून खोटं ठरवलं होतं.

तिनं फोन फिरवले. पाणीपुरवठ्याचे साहेब म्हणाले, "जलभाषेत हिरवं आहे ना? मग झालं!" नियम बदलायचा तर समितीची बैठक तीन महिन्यांनी. वाट एकच उरली. सलग तीन केंद्रांवर अधिकाऱ्यानं हातानं मोजून सही केलेली नोंद टाकली आणि तिन्ही जुळल्या, तर सगळी अनुमानं त्या नोंदींपुढे वाकतात. हाही नियम तिचाच.

दोघं जीप काढून निघाले. खाडीच्या मुखाशी, शेवटच्या केंद्रावर एकोणचाळीस. भोगवडीत एकेचाळीस. तिसरं केंद्र वरच्या अंगाला वाघबीळला. तिथलं पाणी निघालं स्वच्छ! निघणारच. जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या कारखान्याचा नाला वाघबीळच्या खाली नदीला मिळत होता. विषाच्या वाटेवर केंद्रं होती दोनच, आणि नियमाला हवी होती तीन.

"खाली तिसरं केंद्रच नाही," ऋजुता म्हणाली. "नियम लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे मधली नदी होती. शेवटाला काय होईल याचा मी विचारच केला नाही."

इरफाननं नजर नदीकडे वळवली. जन्मात त्यानं खोटा आकडा लिहिला नव्हता. ऋजुतानं वाघबीळच्या रकान्यात चाळीस लिहिलं आणि सही केली. पाचव्या मिनिटाला भोगवडीची झडप मिटली. इरफानच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, वाचवलंत गाव!"

हा झाला सोमवार. बुधवारी अकरा वाजता तो धावत प्रयोगशाळेत शिरला तेव्हा त्याला धड बोलता येत नव्हतं.

"यंत्र बंद... दवाखान्यात पाणीच नाही! एका माणसाला सव्वाशे लिटर लागतं. नसरीनचं पोटॅशियम चढलंय. डॉक्टर म्हणतात, संध्याकाळच्या पुढे ती तग धरणार नाही."

ऋजुतानं पडदा पाहिला. वाघबीळच्या वरचं मेलेलं केंद्र चाळीस लिहीत होतं. त्याच्या वरचंही. अनुमानं नियमाप्रमाणे वाकली होती. एकेक केंद्र करत विष उलट्या दिशेनं साठ किलोमीटर चढून आलं होतं, आणि शिरवडीच्या झडपा सकाळीच मिटल्या होत्या. नदीतलं पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ होतं.

"टँकर आणू!"

"टँकर भरायचे नळही जलभाषाच उघडते, इरफानभाई."

"मग खरं लिहा ना, मॅडम! वर पाणी चांगलं आहे. तीन ठिकाणी मोजा आणि लिहा."

"लिहीन. पण नव्या तीन नोंदी आल्या की जुन्या तीन रद्द होतात, त्यांत खालच्या दोन खऱ्याही. सबंध नदी हिरवी होईल. भोगवडीसुद्धा."

"डायलिसिसचे चार तास झाले की पुन्हा बंद करा."

"उलटसुलट नोंदी करणाऱ्याची सही जलभाषा गोठवते. ही माझी शेवटची सही असेल." तिनं पडद्यावरून नजर काढून त्याच्याकडे बघितलं. "तुम्ही सांगाल ते करते."

इरफान भिंतीला टेकला. "मला विचारू नका. परवा तुम्ही खोटं लिहिलंत तेव्हा मी गावासाठी गप्प बसलो. आज..." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "आज नसरीन एकटी पडलीय तिथे. मला जाऊ द्या."

तो गेला. ऋजुता बाटल्या घेऊन नदीवर उतरली. तीन केंद्रांवर तिनं पाणी मोजलं, प्रत्येक ठिकाणी दोनदा. शून्य, शून्य, शून्य. एकही आकडा खोटा नव्हता. तिनं सही केली, दवाखान्यात यंत्र सुरू झाल्याचं फोनवर ऐकलं आणि जीप भोगवडीकडे पिटाळली.

चार वाजता ती भोगवडीच्या बाजारपेठेत शिरली. भाड्यानं घेतलेला कर्णा जीपवर बांधून ती घसा फोडून ओरडत होती, "पाणी भरू नका! नळाला विष आहे! जलभाषा मीच लिहिलीय, माझं ऐका!"

चौकातल्या जलभाषेच्या फलकावर हिरवा दिवा लागला होता. एका म्हातारीनं आधी दिव्याकडे बघितलं, मग ऋजुताकडे. "बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसतोय," ती शेजारणीला म्हणाली. दोन दिवस कोरडे पडलेले नळ खळखळू लागले होते, आणि दोघींनी लगबगीनं हंडे लावले.