दादाने सांगितलेला सिलिंडर

मिस्त्रीचा कान हीच त्या गॅरेजची पाटी होती. दारावर खरी पाटीही होती, पण तिची अक्षरं उन्हाने कधीच खाऊन टाकली होती; गिऱ्हाईक यायचं ते कानाच्या लौकिकावर. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, अमुक सिलिंडर अंगचोरपणा करतोय. दुसरे मिस्त्री खोलाखोल करेपर्यंत याचा चहा पिऊन झालेला असायचा.

तो कान आता गेला होता. दुसरा तर आधीपासूनच अधू. मिस्त्रीने ही गोष्ट ना बायकोला सांगितली, ना बरोबरीने राबणाऱ्या धाकट्या भावाला. झाकली मूठ सव्वा लाखाची. माणसांचे ओठ बघून तो बोलणं ओळखायचा, उरलेलं हसण्यावारी न्यायचा आणि सिलिंडर चक्क अंदाजाने सांगायचा. नवल म्हणजे अंदाज कधी चुकत नव्हता. भाऊ बघायचा आणि म्हणायचा, "बरोबर, दादा."

त्या दुपारी गुरांची डॉक्टरीण आपली करडी गाडी घेऊन आली. उभ्या जागी गाडीला हुडहुडी भरली होती. चारांतला एखादा सिलिंडर कामचुकारपणा करतोय हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. प्रश्न होता, कोणता.

डॉक्टरीण मागच्या सीटवर वाकून बॅग काढता काढता काहीतरी बोलली. ओठ दिसले नाहीत, म्हणून मिस्त्री हसला.

भाऊ हसला नव्हता. तो समोर येऊन सावकाश म्हणाला, "दादा, गाडी चढावर अडली. बाईंना पोचायला उशीर झाला आणि गाय गेली, म्हणतायत."

डॉक्टरीण मिस्त्रीकडे बघत राहिली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने मान खाली घातली आणि स्क्रूड्रायव्हर उचलला.

पहिल्या सिलिंडरवर काहीच ऐकू आलं नाही. दुसऱ्यावरही नाही. मुठीतून नुसती थरथर.

तिसऱ्यावर त्याला भांडी ऐकू आली.

कपबशी खाली ठेवल्याचा आवाज. नळाचं पाणी. आणि मग बायको, अगदी स्वच्छ, जशी कित्येक महिन्यांत ऐकू आली नव्हती. "ह्यांचा कान गेलाय, हे तुम्हाला केव्हा कळलं, भाऊजी?"

"लगेच कळलं, वहिनी," भावाचा आवाज म्हणाला. "दादा सांगेल त्याला बरोबर म्हणायचं. बिघडलेला कुठला ते मी तपासताना बघून ठेवायचो, आणि तो जेवायला गेला की दुरुस्त करायचो."

मिस्त्रीने डोळे उघडले. भाऊ समोर उभा होता, तोंड मिटून, फडक्याला हात पुशीत. बायको सकाळपासून बहिणीकडे गेलेली होती. घराला कुलूप होतं.

"कोणता?" डॉक्टरिणीचे ओठ हलले.

स्क्रूड्रायव्हर तिसऱ्यावर होता. "तिसरा," मिस्त्री बोलून गेला.

भाऊ पुढे झुकला आणि एकेका प्लगची वायर काढून परत लावू लागला. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन लडखडतं. आळशाची काढली तर त्याला सोयरसुतक नसतं. मिस्त्रीचा तळवा गाडीच्या पत्र्यावर होता. दुसऱ्याची वायर निघाली, पत्रा होता तसाच राहिला. तिसऱ्याची निघाली आणि इंजिनाने हाताखाली गचका खाल्ला.

दुसरा. बिघाड दुसऱ्यात होता, आणि ते भावाला दिसलं होतं.

आजवरचे सगळे "बरोबर, दादा" मिस्त्रीला आठवले. कान गरम झाले. डॉक्टरिणीकडे बघायची त्याची हिंमत होईना. तोंड लपवायला तो पुन्हा वाकला आणि मूठ कानाशी धरली.

भावाने किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं, मुठीतली थरथर थांबली.

बोलणं थांबलं नाही.

"ह्यांना कधी कळलं नाही ना?" बायको विचारत होती. तिचा आवाज रडून रडून थकलेला होता.

"नाही, वहिनी. शेवटपर्यंत नाही. त्या दिवशीची गाडी करडी होती. दादा म्हणाला, तिसरा. होता दुसरा. मी म्हटलं, बरोबर."

"मग?"

"मग जरासा हसला. तेवढंच. मी वळलो, परत बघतो तर..."

नळ बंद झाल्याचा आवाज आला.

मिस्त्री ताठ उभा राहिला. छातीत काहीतरी घट्ट होत होतं. एकच वाक्य बोलायचं होतं. चुकलो, मला ऐकू येत नाही, आणि तुला ते माहीत आहे हे मलाही कळलंय. एवढं बोललं की ते स्वयंपाकघरातलं बोलणं खोटं पडणार होतं.

त्याने तोंड उघडलं.

डॉक्टरीण त्याच्याकडे बघत होती. मघाचा राग तिच्या चेहऱ्यावर उरला नव्हता. तिथे आता आदर होता.

त्याने तोंड मिटलं.

भाऊ त्याच्याकडे वळला, नेहमीसारखा, ओठ नीट दिसतील असा.

"बरोबर, दादा. तिसराच."

आणि मिस्त्री जरासा हसला.