रक्तवाचकाची हाक

मिरजेतल्या अकराव्या मजल्यावरच्या त्या घरात पाण्याच्या फिल्टरशेजारी रक्तवाचक बसवला होता. सकाळी मंदाकिनीबाईंनी त्यात बोट ठेवायचं. यंत्र थेंबभर रक्त घेई, पेशी मोजी, नावाने हाक मारी आणि त्या दिवसाच्या गोळ्या खालच्या वाटीत टाकी. बाकीचं बाईंकडे होतं. ताप बघायचा, पाणी उकळायचं, आमटीवर कच्ची कोथिंबीर घालायची नाही. रक्ताच्या कर्करोगासाठी आता महिनोन्‌महिने इस्पितळात कोणी पडून राहत नसे.

मज्जारोपण झालं आणि यंत्र त्यांना ‘कुमुद’ म्हणू लागलं. कुमुद म्हणजे त्यांची धाकटी बहीण. मज्जा तिनेच रजा काढून दिली होती.

बाईंनी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेलं. तरी खात्रीसाठी त्यांनी पडद्यावर डॉक्टर अन्सारींना गाठलं.

“यंत्राला चेहरा कळत नाही, मॅडम. रक्तातली जनुकखूण कळते,” डॉक्टर म्हणाल्या. “तुमचं रक्त आता कुमुदताईंची मज्जा तयार करते. म्हणून ते त्यांचं नाव घेतं.”

“आणि माझी जुनी खूण?”

“तीही त्याच्याकडे नोंदलेली आहे. ती रक्तात पुन्हा वाढू लागली, तर ते तुमचं नाव घेईल. यंत्रातलं नाव मुद्दामच बदललेलं नाही. आजार परतल्याचा तोच आपला इशारा.”

बाईंनी मान हलवली. घरात कोणाला काही सांगितलं नाही.

कुमुदला फोनवर हसू आवरेना. “ताई, रक्त माझं आहे, आता तरी भाकरी गोल थाप.” यशवंतराव मात्र रोज धुसफुसत. बायको माझी आणि हाक मेहुणीची, हा कसला गाढवपणा, कंपनीला फोन करतो, म्हणत. बाई ऐकून घेत. लग्नात तांदळाच्या ताटात यशवंतरावांनी अंगठीने ‘मंदाकिनी’ लिहिलं, तेव्हा माहेरी प्रमिला असलेल्या त्यांना कितीतरी दिवस त्या हाकेला ओ देता आली नव्हती. या नावाची सवय मात्र लवकर झाली. यंत्राने ‘कुमुद’ म्हटलं की त्या ‘ओ’ देत आणि गोळ्या गिळत.

दिवाळी उरकली. फराळाचे डबे रिकामे होत आले होते. एका सकाळी त्यांनी बोट ठेवलं. यंत्राने थेंब घेतला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लावला.

“मंदाकिनी,” ते म्हणालं.

ओट्याशी चहा गाळणारे यशवंतराव वळले. “ऐकलंस? काल कंपनीला चांगला दम भरला होता. बघ कसं सरळ आलं.” आनंदाने त्यांनी बाईंच्या कपात एक चमचा साखर जास्त घातली.

बाईंनी हात पुन्हा साबणाने धुतले, कोरडे केले, दुसरं बोट ठेवलं.

“मंदाकिनी.”

फिल्टरमधून पाणी ठिबकत होतं. तोटी घट्ट करून त्यांनी फोन उचलला आणि कुमुदला विचारलं, “तुला परत रजा मिळेल का गं?”

“कधीपासून काढू?” पलीकडून कुमुदने विचारलं.

“अगं, अखेर तुझं नाव घेतंय ते,” मागून यशवंतराव म्हणाले. “ओ दे की.”