खड्डा की खंदक?

"थांबा! ह्या पाटीवर काल 'खंदक' लिहिलेलं होतं!"

सायकल पुरती थांबायच्या आतच शंकाबाईनं उडी मारली. तिला दुधातही काळंबेरं दिसतं, म्हणून मामानं हे नाव ठेवलेलं. मागून धाकटा भाऊ भोंगा आणि मावसभाऊ लंबू धापा टाकत आले. सुट्टीत तिघंही मामाकडे राहायला आले होते आणि मामा ह्या जुन्या किल्ल्याचा रखवालदार होता.

पाटीवर आता 'खड्डा' लिहिलं होतं. पांढरा रंग अजून ओला होता!

पाटीपाशी उभा असलेला मामा पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाला, "मोजणीचे साहेब आले, गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. काच खाली केली आणि लिहून मोकळे, 'नैसर्गिक खड्डा'! म्हणजे बुजवायला मोकळीक. चार वाजता ठेकेदार दगडमाती ओतणार, वर गाड्या लावायला जागा करणार." वीस वर्षं ह्या खंदकातलं गवत त्यानं काढलं होतं.

ठेकेदार शेजारीच उभा होता. त्याच्या बाहीवर पांढऱ्या रंगाचा डाग!

"काका, खड्डाच आहे तर पाटी बदलायची एवढी घाई का?" शंकाबाईनं विचारलं.

"जा, खेळा तिकडे!" ठेकेदारानं बाही मागे लपवली.

"कुठेतरी पाणी मुरतंय," लंबू कुजबुजला.

तिघं मामाच्या खोलीत धावले. लंबूनं कपाटातला शब्दकोश काढला. "मूळ फारसी, 'कंदन' म्हणजे खणणे. अरबीतून वळसा घेऊन आपल्याकडे आला. खंदक म्हणजे खणलेला!"

"शब्दानं ट्रक थांबतो होय?" भोंगा ओरडला. त्याला हळू बोलताच येत नसे.

"इंग्रजीत ह्याला मोट म्हणतात," लंबूचं चालूच होतं. "आणि गंमत बघ, आधी मोट म्हणजे मातीचा उंचवटा. मग तेच नाव खाली घसरून खंदकाला चिकटलं!"

"मोट? विहिरीवरची?"

"ती नव्हे रे, मठ्ठ!"

शंकाबाईनं मात्र शब्दकोश स्वतःकडे ओढला. "उंचवट्याचं नाव खंदकाला का चिकटलं? दोन्ही एकाच मातीचे म्हणून! आपल्या खंदकाची माती कुठे टाकली असेल?"

तिघांनी खिडकीतून पाहिलं. तटाच्या आत हिरवं टेकाड होतं!

खुरपं घेऊन त्यांनी टेकाडाची कड तासली. वर पिवळा मुरूम, खाली काळी माती. खंदकाच्या भिंतीत मात्र काळी वर आणि मुरूम खाली.

"उलटं!" भोंग्याची आरोळी तटापलीकडे गेली. "काळी आधी खणली, आधी टाकली, म्हणून तळाशी गेली! म्हणजे खंदक माणसांनीच खणलाय!"

मामानं ताबडतोब साहेबांना फोन केला. चारला पाच कमी असताना ट्रक फाटकात शिरला आणि मागोमाग साहेबांची गाडी आली. काच खाली झाली. "काय कटकट आहे?"

"साहेब, ह्या वेळी उतरा," शंकाबाई म्हणाली.

साहेब कुरकुरत उतरले. खंदक पाहिला, टेकाड पाहिलं, मुरूम चिमटीत घेऊन चुरला. त्यांचा चेहरा उतरला.

"पण कागदावर तर..." ठेकेदार चाचरला.

"कागद मी लिहिला, खोडणारही मीच. चुकलं माझं. ट्रक मागे घ्या! आणि त्या बाहीवरच्या रंगाबद्दल उद्या कचेरीत बोलू." साहेब मुलांकडे वळले. "शाबास! माझं काम तुम्ही केलंत."

मामानं डोळे पुसत शंकाबाईच्या हातात ब्रश दिला. "घे, माझे बाई. तुझ्या शंकेनं वाचवलं गं!"

तिनं झोकात 'खदक' लिहिलं.

"अनुस्वार!" भोंगा ओरडला. तिनं टिंब दिलं आणि खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ लिहिली. ती वाचून साहेबांनी स्वतःचे कान पकडले.

'गाडीतून उतरून पाहावा.'