टेबल सातचं व्हिनेगर

पहिल्यांदा भेटलो तेव्हा गहिनीनाथच्या तोंडात पिपेट होती.

माझी प्रॅक्टिकलची जोडीदार निकिता लग्न करून केडगावला गेली होती. त्रिभुवन सरांनी मान वर न करता मला "टेबल सात" एवढंच सांगितलं. टेबल सातवर एक उंच मुलगा काचेच्या नळीने व्हिनेगर ओढत उभा होता. पिपेट तोंडाने ओढू नये, असं श्रीरामपूरच्या आमच्या लॅबच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय. त्याची पाठ भिंतीकडे होती.

"नाव काय तुझं?" मी विचारलं.

विचारलं की उत्तर द्यायचं, असा त्याचा स्वभाव. त्याने दिलं. अर्धं नाव बाहेर आलं, तेवढंच व्हिनेगर आत गेलं.

"…नीनाथ," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी. "गहिनीनाथ. तुझं?"

"सिल्व्हिया. गिळलंस?"

"व्हय. चायनीजच्या गाडीवर लई पातळ देतात. हे बरं हाय."

गोष्टींमध्ये अशा वेळी खिडकीतून मोगऱ्याचा वास येतो. आमच्या खिडकीतून साखर कारखान्याच्या मळीचा आला. वाऱ्याने माझी ओढणी उडून बर्नरकडे निघाली. त्याने ती दोन बोटांनी धरून परत माझ्या खांद्यावर ठेवली… आणि बोटं लगेच मागे घेतली. ओढणी पेटली नाही. बाकीचं सांगता येत नाही.

प्रयोग सोपा होता. बुरेट म्हणजे उभी नळी, खाली तोटी. त्यातून कॉस्टिक सोडा थेंब थेंब फ्लास्कमधल्या, इंडिकेटर घातलेल्या व्हिनेगरमध्ये सोडायचा. एका थेंबाला ते गुलाबी होतं, इतकं फिकट की झालं की भास झाला कळू नये. तिथे थांबायचं आणि किती सोडा लागला तो आकडा लिहायचा; आकडा मोठा, तितकं व्हिनेगर आंबट. आमच्या कॉलेजात रीत अशी, की आकडा आधी सीनियरकडून आणायचा आणि प्रयोग नंतर करायचा, वेळ उरला तर. या वर्षी सरांनी प्रत्येक टेबलाला वेगळं व्हिनेगर दिलं आणि कोणाला सांगितलं नाही. सगळा वर्ग एकाच उत्तरावर येऊन थांबला.

"बाटल्या वेगळ्या, उत्तर एक," सर म्हणाले. "एवढी एकी देशात असती तर. आता शनिवारी जोडीने, माझ्यासमोर. तीन रीडिंग सारखी आली तर सही. नाही आली तर परीक्षेला बसायचं नाही."

परीक्षा बुडाली की वर्ष बुडणार, आणि वर्ष बुडालं की पप्पा मला एंजेलामावशीच्या पार्लरमध्ये बसवणार होते. लोकांच्या भुवया त्यांच्याच राहाव्यात असं माझं मत होतं. मी ठरवलं… शनिवारी तीन रीडिंग येणार. खरी येणार.

आठवडाभर सरावात आली नाहीत. फ्लास्क गहिनी हलवायचा, तोटीही त्याच्याच हातात, मी समोर उभी राहून आकडा वाचायचे. प्रत्येक वेळी रंग फिकट सोडून लग्नातल्या फेट्यासारखा गडद. थेंब जास्त पडत होते, हे उघड होतं. का पडत होते, हे शोधणं माझ्यावर आलं.

पहिला संशय तोटीवर.

"तुम्ही शिंगणापूरचे," मी म्हटलं. "घराला दार नाही. बंद करायची सवयच नसेल तुला."

"दार न्हाई, पण नळ हाय आमच्यात," तो म्हणाला. "अन् तो बंद करतो आमी."

दुसरा संशय डोळ्यांवर. रंगांधळा असला तर? मी माझी ओढणी पुढे केली. "रंग सांग."

"अबोली," तो म्हणाला. "काल मोरपंखी हुती. त्याच्या आदल्या दिवशी जांभळी, डाव्या टोकाला धागा निघालेला. तू तो बोटाला गुंडाळत बसतीस, गणित अडलं की…"

"बरोबर," मी म्हटलं आणि नोंद केली: डोळे ठीक. यातून आणखी काही निष्कर्ष निघतो असं मला वाटलं नाही. मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे.

मग मी डिस्टिल्ड वॉटर आणायला स्टोअरमध्ये गेले. परत आले तर फ्लास्कमध्ये रंग असा फिकट, की मी तो खिडकीशी धरून बघितला. अगदी बरोबर.

"कसं केलंस?"

"काय न्हाई केलं. तू नव्हतीस, म्हणून मालनमावशींना आकडा वाचाया सांगितला."

लॅबच्या मालनमावशी टेबलासमोर उभ्या होत्या. एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, हा प्रयोगाचा नियम. मी मावशींना बाजूला करून त्यांच्या जागी उभी राहिले. फेटा. मावशींना परत उभं केलं. फिकट.

"मला झाडायचंय गं," मावशी म्हणाल्या.

शेवटी मी स्कूटीवर बांधते तसा स्कार्फ बांधला, नुसते डोळे उघडे. रंग मधलाच आला, ना फिकट ना गडद. स्कार्फ नाकाखाली घेतला. थोडा चढला. पूर्ण सोडला. फेटा.

माझा चेहरा जितका जास्त दिसेल तितकं टेबल सातचं व्हिनेगर आंबट होत होतं.

मी आकड्यांकडे बघितलं. मग त्याच्याकडे. तो माझ्याकडे बघत होता, आणि बुरेट चालूच होती.

"गहिनी… तोटी."

त्याने बंद केली.

"फ्लास्ककडे बघायचं असतं," मी म्हटलं.

"ठावं हाय."

"मग?"

"ठरवतो रोज. बुरेट भरताना ठरवतो. मग तू आकडा वाचाया वाकतीस…" त्याने बंद तोटी पुन्हा बंद केली. "आमच्याकडं झाकायची सवय न्हाई, सिल्व्हिया. दाराचं खरं हाय तुझं."

मावशी झाडू घेऊन लांब गेल्या. लॅब तेवढ्या वेळात फार स्वच्छ झाली.

"हे बघ," मी म्हटलं. आवाज कडक काढला, कारण दुसरा कुठला निघेल याची खात्री नव्हती. "परीक्षा बुडवून मी कोणाच्या प्रेमात पडणार नाही. शनिवारी बुरेट मी धरणार. तू समोर उभा राहून आकडा वाच. माझं लक्ष जात नाही."

शनिवारी सर स्टूल घेऊन टेबलाशी बसले. मी तोटी धरली. गहिनी आकडा वाचायला वाकला. त्याने केस विंचरले होते. एका बाजूचे बसले होते, दुसऱ्या बाजूचे उठलेले, आणि ते बसवावेत असं मला…

"सिल्व्हिया," सर म्हणाले.

फ्लास्कमध्ये फेटा नव्हता. अख्खी वरात होती. माझी चूक त्याच्या सगळ्या चुकांपेक्षा मोठी निघाली. गहिनीने रंगाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याच्या कानांना मात्र फिकट गुलाबी बरोबर जमलं.

"पुढच्या वर्षी या," म्हणत सर उठू लागले.

"थांबा सर," मी म्हटलं. पार्लर डोळ्यांसमोर होतं, आणि आता दुसरंही काही होतं जे मला सोडायचं नव्हतं. "गहिनी, इकडे ये. समोर नको. माझ्या शेजारी."

तो टेबलाला वळसा घालून आला. तोटी माझ्या हातात, फ्लास्क त्याच्या. खांद्याला खांदा. एकमेकांकडे बघायचं तर मान वळवावी लागेल, आणि सरांसमोर एवढी हिंमत दोघांतही नव्हती. आम्ही दोघं त्या फ्लास्ककडे बघत राहिलो… थेंब… थेंब… आणि मग हळूच, भास व्हावा तसा, रंग.

"थांब," दोघं एकदम म्हणालो.

तीन रीडिंग सारखी आली. सरांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा बघितली. मग पेनचं टोपण उघडलं आणि तिथेच थांबले.

"रिपोर्टमध्ये प्रिकॉशन लिहावी लागते. काय खबरदारी घेतली?"

"जोडीदाराने समोर उभं राहू नये," मी म्हटलं. "शेजारी राहावं."

"किती वेळ?"

मी उत्तर जुळवत होते. पण विचारलं की लगेच सांगायची सवय माझी नाही, त्याची.

"कायम, सर," गहिनीनाथ म्हणाला.

सरांनी सही केली. "प्रयोग संपेपर्यंत पुरे आहे."

मी सरांसमोरच मान वळवली.

"आमचा लांबणार आहे, सर," मी म्हटलं.