टेकडीमागची फेरी

चिंगीची चाळिशी उलटून वर्ष झालं होतं, तरी तिच्या थोरल्या भावाच्या तोंडी ती चिंगीच होती. आठवडाभर ती दातांच्या कवळ्या बनवायची. मेणाचा साचा, गुलाबी हिरडी, त्यात एकेक दात चिमट्याने बसवायचा. हात असा स्थिर की डॉक्टर मंडळी तिच्याकडेच काम पाठवायची. आणि सुट्टीच्या दिवशी हीच बाई अंगाला घट्ट बसणारा निळा लेदर सूट चढवून मोटारसायकलच्या शर्यतीत उतरायची. हौशी लोकांच्या शर्यती त्या. ना बक्षिसाचं कौतुक, ना पेपरात नाव. पण वळणावर गाडी कलली आणि गुडघा जमिनीला टेकायला आला की तिला वाटायचं, आता कुठे आपण जाग्या झालो.

गेल्या हंगामात ती पडली. डाव्या खांद्याजवळचं हाड मोडलं, आत धातूची पट्टी बसली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा इथेच मार लागला तर हात वर उचलायचा विसरा. नवरा आठ दिवस नीट जेवला नाही. मग तिनेच त्याला सांगितलं, "एक शेवटची. मग बस्स."

ती शेवटची शर्यत परगावी होती, सात तासांच्या अंतरावर, तिने किंवा दादाने कधी न पाहिलेल्या ट्रॅकवर.

दादा लेथवर काम करणारा माणूस. गाडीचं इंजिन त्याने स्वतःच्या हाताने जोडलेलं. शनिवारी उजाडताच त्यांनी पिकअपच्या मागे गाडी चढवली, पट्ट्यांनी चारी बाजूंनी आवळली आणि निघाले. दादा गाडी चालवताना सहसा तोंड मिटत नसे. रस्ता कुणी बांधला, पंक्चरवाला कसा चोर, समोरच्या ट्रकवाल्याला लायसन कुणी दिलं, सगळ्यांची झाडाझडती व्हायची. पण शहर मागे पडलं, शेतं संपली आणि सपाट, पांढुरक्या मातीचं माळरान सुरू झालं तसा तोही गप्प झाला. ऊन होतं, पण कुठून पडतंय ते कळत नव्हतं. सगळीकडे दुधात पाणी घातल्यासारखा उजेड. विजेचे खांब लांबून हळूहळू यायचे आणि मागे जाताना मात्र एकदम नाहीसे व्हायचे.

"झोप आली का रे तुला?" तिने विचारलं.

"नाही गं. पण जागाही आहे असं वाटत नाही," दादा म्हणाला आणि स्वतःच हसला.

ट्रॅक एका बुटक्या टेकडीभोवती होता. अलीकडे सरळ पट्टा, पत्र्याची शेड, गाड्या उभ्या करायची जागा, म्हणजे पिट. पलीकडचा भाग टेकडीआड गेलेला. पिटमधून पाहिलं तर गाड्या उजवीकडे टेकडीमागे शिरायच्या आणि मिनिटभराने डावीकडून बाहेर यायच्या. तपासणीवाल्याने ब्रेक दाबून पाहिले, बोल्टांना बांधलेली तार ओढून पाहिली, हेल्मेटवर टिकली चिकटवली. नंबर मिळाला सदतीस.

सरळ पट्ट्याच्या टोकाला एका खोलीत वेळ नोंदवणाऱ्या बाई बसत. साठीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, केस करकचून मागे बांधलेले. त्यांच्यासमोर वेळ दाखवणारं यंत्र होतं, पण शेजारी एक जाड वहीही उघडी होती. नाव नोंदवायला चिंगी गेली तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"इथे पहिल्यांदाच?"

"हो. आणि शेवटचं."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरं. फेऱ्या मोजायला तुमचं माणूस आहे ना बरोबर? तुम्हीही मोजा. मनातल्या मनात, पण मोजा."

दुपारी सराव झाला. सरळ पट्ट्यावर सगळं नेहमीचंच होतं. कानठळ्या, वाऱ्याचा धक्का, पोटाखाली थरथरणारी टाकी. पण टेकडीमागे वळली आणि आवाज कमी झाला. बंद नाही, कमी. शेजारच्या खोलीत कुणीतरी गाडी चालवतंय आणि मधलं दार लोटलेलं आहे, तसा. रस्ता गुळगुळीत होता, कडेचं गवत एकाच दिशेला झुकलेलं. वळणं तिने कधी पाहिली नव्हती, तरी तिला शोधावी लागत नव्हती. खांदा दुखत नव्हता. पट्टी बसल्यापासून पहिल्यांदाच दुखत नव्हता. तिला वाटलं, हे संपूच नये. तेवढ्यात टेकडी सरली आणि आवाज धाडकन परत आला.

सहा फेऱ्या करून ती आत आली.

"सात," दादा म्हणाला.

"सहा रे. मोजल्यात मी."

"सात वेळा माझ्या समोरून गेलीस. हे बघ." त्याने पाटी पुढे केली. सात फेऱ्यांच्या वेळा लिहिल्या होत्या. सहा एकमेकींच्या जवळपासच्या. सातवी मात्र चांगली चार सेकंदांनी कमी.

"म्हातारा झालास. दुसऱ्याच कुणाची तरी वेळ घेतलीस."

"माझ्या इंजिनाचा आवाज मला ओळखू येत नाही होय?" दादा चिडला. मग त्याने टाकीचं झाकण उघडलं आणि पट्टी बुडवून पेट्रोल मोजलं. दोनदा मोजलं. पेट्रोल सहा फेऱ्यांचंच गेलं होतं. त्याने झाकण लावलं आणि फडक्याने हात पुसत राहिला. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिला.

त्या रात्री दोघंही लॉजवर मेल्यासारखे झोपले. सकाळी चिंगीला आठवत होतं ते इतकंच, की स्वप्नात गवत होतं आणि ते सगळं एकाच दिशेला झुकलेलं होतं.

रविवारी शर्यत दहा फेऱ्यांची होती. चौदा गाड्या. उजेड कालचाच, दुधाळ. दादाने तिच्या हेल्मेटवर टपली मारली. "पोडियम-बिडियम गेलं खड्ड्यात. धड परत ये."

सुरुवातीला ती नववी होती. तिसऱ्या फेरीत सहावी झाली. प्रत्येक फेरीत ती टेकडीमागे शिरायची आणि तिथे पुढच्या-मागच्या गाड्या असूनही एकटी व्हायची. त्या शांततेत तिने मोजलं, चार, पाच, सहा. सातव्या फेरीत तिच्या मनात आलं, दहा झाल्या की संपलं. मग सोमवार, मेण, चिमटा, गुलाबी हिरडी, आणि असे किती सोमवार. तिने थ्रॉटल आणखी पिळला. आठ, नऊ. दहाव्या फेरीला टेकडीमागच्या शेवटच्या वळणावर तिला क्षणभर वाटलं, इथेच राहावं. कुणीतरी अंगरखा काढून ठेवावा तसं काहीतरी तिच्या पाठीवरून सरकलं. थंड वाटलं. आणि ती बाहेर आली. शर्यत संपल्याचा काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा हलत होता. चौथा नंबर.

पिटमध्ये तिने गाडी स्टँडला लावली, हेल्मेट काढलं, अर्धी बाटली पाणी प्यायली. दादाने पाठीत धपाटा घातला. "चौथी! त्या लाल गाडीवाल्याला वळणावर काय कापलंस!"

"दहा ना?"

"दहा. चोख दहा." तो हसत होता.

चौदाच्या चौदा गाड्या आत आल्या होत्या. ट्रॅकच्या कडेला उभ्या मार्शलनी झेंडे गुंडाळले होते. ट्रॅक मोकळा होता.

आणि दादाचं हसू थांबलं.

टेकडीमागून एक आवाज येत होता. एकाच गाडीचा.

चिंगीने दादाकडे पाहिलं. दादा तिच्या गाडीकडे पाहत होता. गाडी तिथेच होती. गरम इंजिन निवताना टिकटिक करत होतं.

आवाज वाढला. गिअर उतरला, किंचित उशिरा. चिंगी नेहमी उशिराच उतरवायची. दादा त्यावरून किती वर्षं बोलत आला होता.

डावीकडून गाडी बाहेर आली. निळा सूट. डावं कोपर जरा बाहेर, दुखऱ्या खांद्याला सांभाळून धरलेलं. नंबर सदतीस.

ती त्यांच्यासमोरून गेली. तिने मान वळवली नाही.

चिंगीने आजूबाजूला पाहिलं. लाल गाडीवाला खाली बसून साखळीला तेल घालत होता. त्याच्या शेजारचा जुना शर्यतवाला हातमोजे उलटे करत होता. सगळे आपापल्या कामात होते. जरा जास्तच कामात होते. कुणीही ट्रॅककडे पाहत नव्हतं.

फक्त खोलीतल्या बाईंनी वहीत एक रेघ ओढली.

दादा तरातरा त्यांच्याकडे गेला. चिंगी मागोमाग. तिचे पाय हलके झाले होते, चालताना जमीन नीट लागत नव्हती.

"बाई, हे काय आहे?"

"अकरावी," बाई म्हणाल्या.

"ही माझी बहीण इथे उभी आहे!"

"दिसतंय मला." त्यांचा आवाज मऊ होता. "ओरडू नका. ओरडून काही होत नाही."

"मग ती कोण?"

टेकडीमागे आवाज पुन्हा मऊ झाला होता. तिघंही तो ऐकत राहिले.

"कधी थांबेल?" चिंगीने विचारलं.

"कुणाची संध्याकाळपर्यंत थांबते. एकाची महिनाभर चालली होती. मी मोजते फक्त. कुणीतरी मोजायला हवं ना." त्यांनी वही वळवून दादापुढे सरकवली. "फोन नंबर लिहून ठेवा. कळवत जाईन. आणि सामान भरा आता, पाचला फाटक बंद होतं."

परतीच्या रस्त्यात एकदाच दादा बोलला. "चिंगे, तू आहेस ना गं?"

"आहे की," ती म्हणाली. पण सांगताना तिने आपल्या मांडीला चिमटा काढून पाहिला.

घरी सगळं सुरळीत झालं. फारच सुरळीत. नवरा पोटभर जेवू लागला. ती वेळेवर उठायची, कामाला जायची. हात पूर्वीपेक्षाही स्थिर होता. डॉक्टर म्हणाले, इतक्या सुबक कवळ्या तुम्ही आजवर केल्या नव्हत्या. रस्त्यावरून मोटारसायकल गेली की पूर्वी तिची मान आपोआप वळायची. आता वळत नव्हती. गाडी दादाच्या वर्कशॉपमध्ये कापडाखाली होती. ती दोनदा तिथे गेली आणि कापड उचलून पाहिलं. शाळेत शिकलेला, आता न वाचता येणारा एखादा धडा पाहावा, तसं वाटलं. वाईटही वाटलं नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

दर रविवारी बाईंचा फोन दादाला यायचा आणि तो येऊन तिला सांगायचा. पाच हजार फेऱ्या झाल्या. मग दहा हजार. पाऊस झाला तरी थांबली नाही. वेळ कमी कमी होतेय.

"किती कमी?" एकदा तिने विचारलं.

दादाने आकडा सांगितला. ती हळूच म्हणाली, "एवढं मला कधी जमलं नसतं." त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

दीड महिना झाला असेल. बुधवार होता. चिंगी कामाच्या खोलीत खिडकीपाशी बसून वरच्या जबड्याचे दात लावत होती. दादा जिना चढून आला. हातावर लेथचा काळा चुरा तसाच, चप्पलही काढली नाही.

"बाईंचा फोन आला होता."

"आज? आज कुठे रविवार आहे?"

"म्हणूनच आलो."

तिने चिमटा खाली ठेवला. "थांबली?"

दादाने मान हलवली. "थांबली नाही. सकाळी कुणीतरी फाटक उघडं टाकलं होतं. टेकडीमागून आली, आणि या वेळी वळलीच नाही. सरळ फाटकातून बाहेर पडली."

"कुठे?"

"आपल्या रस्त्याला लागली म्हणतात."

खोलीत मेणाचा वास होता. खाली कुठेतरी नळ ठिबकत होता.

"कधी?"

"सहाला. त्या कधीपासून फोन लावत होत्या, मशीनच्या आवाजात मला ऐकूच आला नाही."

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजायला पाच मिनिटं होती.

चिंगी उठली. तिने जबडा पाण्यात ठेवला, हात धुतले, नखांतलं गुलाबी मेण काढलं. अ‍ॅप्रन घडी करून खुर्चीवर टाकला. मग ती जिना उतरून खाली गेली. दादा मागून धावला. रस्त्याकडचं दार नेहमी बंद असायचं, ये-जा मागच्या दाराने व्हायची. तिने वरची कडी काढली, मग खालची, आणि दोन्ही फळ्या भिंतीला टेकेपर्यंत मागे लोटल्या.

"चिंगे, काय करतेस? लाव ते दार."

"असू दे रे," ती म्हणाली. "एवढ्या लांबून येतेय ती."

रस्ता उन्हात रिकामा पडला होता. तिला काहीही ऐकू येत नव्हतं. तिने दादाकडे पाहिलं, तर त्याने काही ऐकू आल्यासारखी मान एका बाजूला कलती केली होती आणि डोळे मिटून घेतले होते.