कपाटाखालचं जनावर

डॉक्टर गौरव आमच्या दारात आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर दोरखंड होता, हातात बॅग होती, आणि मी खाटेवर चढून उभी होते. पहिल्या भेटीत आपण जरा बरं दिसावं असं कुणाला वाटत नाही? पण त्या रविवारी दुपारी माझ्या अंगावर गाऊन होता आणि डोकं तेलानं चपचपलेलं होतं.

"जनावर कुठंय?" त्यांनी विचारलं.

मी बोटानं कपाटाखाली दाखवलं. ते चार बोटांच्या त्या फटीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. "मांजराचं पिल्लू आहे का?"

त्यांचा काही दोष नव्हता. ते कराडकडचे, रत्नागिरीला गुरांच्या दवाखान्यात येऊन जेमतेम महिना झालेला. माझ्या घरमालकीण मालनकाकूंच्या गायीला डॉक्टरांनी मागच्याच आठवड्यात सुई टोचली होती. काकूंनी त्यांनाच घाबऱ्याघुबऱ्या फोन केला की भाडेकरणीच्या खोलीत जनावर शिरलंय, सुई घेऊन या. आता आमच्याकडे जनावर म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. घरात त्याचं खरं नाव घेत नाहीत. घेतलं की ते येतं म्हणे. घाटावर मात्र जनावर म्हणजे गाय-म्हैस!

"ढोर असतं तर ढोर नसतं का सांगितलं मी?" काकू अंगणातूनच म्हणाल्या. मग आवाज अगदी खाली आणून, नाइलाजानं... "फुरसं हाय, डाक्टर."

त्या विषारी सापाचं नाव ऐकताच डॉक्टर पांढरेफटक पडले. त्यांनी सांगितलं की त्यांच्या सुया या कामाच्या नाहीत, चावलं तर सिव्हिल हॉस्पिटललाच न्यावं लागेल. तेवढ्यात कपाटाखालून आवाज आला... खर्र... खर्र... लाकडावर करवत फिरवावी तसा. मी पाय पोटाशी घेऊन खाटेवर बसले.

तेव्हा वाटलं, हे आता जातील. गेले असते तरी मी दोष दिला नसता. खोलीचं दार कपाटाला घासून अर्धवटच उघडतं, खिडकीला गज, आणि दारापर्यंत जायचं तर त्या फटीला पाय घासूनच. ते कपाटही माझंच कर्तृत्व. खोक्यातून आलेल्या फळ्या चित्रं बघून मी एकटीनं जोडल्या होत्या आणि पंचायत समितीतल्या साऱ्या ऑफिसला फोटो दाखवले होते. त्याबरोबर आलेली स्क्रू फिरवायची ती वाकडी, षटकोनी चावी मात्र खोक्याबरोबर कचऱ्यात गेली होती.

डॉक्टर गेले नाहीत. दाराशी उभे राहून मला नाव विचारलं, गाव विचारलं.

"दीक्षा," मी म्हटलं. "राजापूरची."

"राजापूरला पण ही असतात?"

"असतात. पण कपाटं विकत नाही घेत आम्ही."

ते हसले. ओठ कोरडे पडलेले, तरी हसले... आणि एवढ्या भीतीतही माझं लक्ष त्यांच्या गालावरच्या खळीकडे गेलं. माझी मलाच लाज वाटली.

अर्ध्या तासानं काकूंनी बोलावलेले धाकूमामा आले, हातात हूक लावलेली काठी आणि झाकणाची बरणी घेऊन. आमच्या भागात कुणाच्याही घरी असं काही निघालं की तेच धावून येतात. त्यांनी टॉर्च मारून पाहिलं आणि सांगितलं की कपाट हलवायचं नाही, ते चेंगरेल नाहीतर उसळेल. खालची पुढची पट्टी सोडवायची. पट्टीला दोन्ही टोकांनी दोन-दोन स्क्रू. दोन दाराकडे, दोन माझ्या खाटेकडे. आणि सगळे षटकोनी खाचेचे.

काकूंनी घरातली सारी हत्यारं आणली. एकही त्या खाचेत बसेना. शेवटी डॉक्टरांनी बॅगेतून जखम शिवायचे दोन चिमटे काढले. मिटलेल्या चिमट्याचं टोक खाचेत घट्ट बसलं. दुसरा त्यांनी माझ्याकडे खाटेवर फेकला.

मी पालथी पडले, हात खाली सोडला. माझ्या बोटांपासून फट वीतभर लांब. खर्र... खर्र...

"फिरत नाही," मी पुटपुटले.

"कुठल्या बाजूला फिरवताय?"

डोकं खाली असल्यानं माझं डावं-उजवं सगळं उलटं झालेलं. मी तो स्क्रू सोडवायच्या ऐवजी आवळत होते.

"बाटलीचं झाकण उघडता ना, तसं," पलीकडून ते म्हणाले. कपाटाआड ते मला दिसत नव्हते, नुसता आवाज. "माझ्याबरोबर फिरवा. मी म्हणतो तेव्हाच. आता... थांबा. आता..."

मी त्या आवाजाच्या मागं मागं फिरवत गेले. घाम डोळ्यांत उतरला. दोन स्क्रू निघाले, मग तिसरा निघाला. चौथा निघाला आणि पट्टी फरशीवर आडवी पडली.

ते बाहेर आलं. तपकिरी, दीड वितीचं. धाकूमामांच्या बाजूला नाही, डॉक्टरांच्या. त्यांनी घरात शिरताना चपला दाराबाहेर काढल्या होत्या. ते त्यांच्या उघड्या पावलाशी येऊन वेटोळं करून बसलं.

"डाक्टर, पाय हलवू नका," धाकूमामा म्हणाले. "हललात तर ता जनावर खाटेकडं जाईल."

मी मान वाकवून पाहिलं. त्यांचं पाऊल मला कपाटाखालून दिसत होतं. त्याच्यावरची शीर उडत होती, पण पाऊल हललं नाही. मी तोंडात पदर कोंबावा तशी गाऊनची बाही कोंबली. हूक आला, वेटोळं उचललं गेलं, बरणीचं झाकण बसलं.

काकू धाकूमामांमागे फाटकापर्यंत गेल्या. मी उतरायला पाय खाली सोडला. डॉक्टरांनी हात पुढं केला. बर्फासारखा गार होता तो.

"मला यांची भयंकर भीती वाटते," ते म्हणाले. "लहानपणापासून. मघाशी दोनदा पळायचं ठरवलं होतं."

"मग?"

"पळालो असतो तर तुम्हाला पुन्हा तोंड दाखवता आलं नसतं..." ते थांबले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आणि मला तर तुम्हाला पुन्हा भेटायचं होतं. खळखळून हसताना बघायचं होतं, घाबरलेलं नाही."

छातीत एवढं धडधडत होतं की त्यांना ऐकू जाईल असं वाटलं. हात त्यांच्याच हातात होता. बाहेर काकूंच्या चपलांचा आवाज जवळ येऊ लागला.

"गेली का भीती?" त्यांनी हळूच विचारलं. "सोडू हात?"

भीती केव्हाच गेली होती.

"नाही," मी म्हटलं. "अजून नाही गेली."