शांततेखालची धुम

त्या काळात शांत जागा अशी उरलीच नव्हती, आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नव्हती. नाचघराच्या फरशीतून, रिक्षाच्या सीटमधून, पलंगाच्या फळीतून एक मंद ठोका सतत अंगात येत राही. लोक त्याला ‘पायठोका’ म्हणत. घरातल्या पंख्याचा आवाज जसा घरच्यांना ऐकू येत नाही, तसा तोही कुणाला ऐकू येत नसे.

पायठोका शर्वाणी कण्हेरकरने शोधला होता. ती मूळची नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत करणारी. अशा संगीतात तळाशी दोघांचं बिऱ्हाड असतं: एक धप्पकन पडणारा किक ड्रम, दुसरा लांब घुमणारा बेस. दोघं एकदम बोलले की नुसता चिखल. म्हणून किक पडताच यंत्र बेसला क्षणभर खाली दाबतं. किक निघून गेला की बेस पुन्हा उसळतो. गाणं श्वास घेतंय असं वाटतं ते त्यामुळेच.

शर्वाणीच्या मनात आलं, ऐकणाऱ्याच्या छातीतही एक ठोका असतोच की. त्यालाही वाट द्यायला शिकवलं तर? तिने तळपायातून ठोका सोडला, हृदयाच्या ठोक्याच्या किंचित आधी. हृदय हळूहळू थबकायला शिकलं: आधी तो, मग मी. नाचघरातल्या साऱ्या छात्या एका तालात चालू लागल्या. लोकांना इतकं बरं वाटलं की त्यांनी पायठोका घरीही नेला.

तिच्या आत्याने, कीर्तनकार इंदुताईंनी, मात्र तो कधी उंबऱ्याच्या आत घेतला नाही. पण हल्ली त्यांच्या सांगलीच्या सभागृहात लोक येत आणि पहिल्या अभंगालाच कासावीस होऊन बाहेर रिक्षात, ठोक्यापाशी, जाऊन बसत. शेवटी ताईंनीच भाचीला बोलावलं.

“बसव बाई तुझी ती फरशी. रिकाम्या सतरंजीला किती दिवस देव सांगू?”

कोपऱ्यात ताईंच्या साथीचे एकनाथमामा पखवाजाच्या डाव्या तोंडावर भिजवलेली कणीक थापत होते. कणकेच्या वजनानेच तिथून खोल धुम निघते.

“बघ, आमचा बेस मूठभर कणकेचा,” ताई म्हणाल्या. “उरलीच तर रात्री पोळी होते. तुझ्या फरशीचं काय होतं?”

शर्वाणी हसली. “मामांची धुम मी फरशीला जोडते, आत्या. मामा वाजवतील तेव्हाच फरशी बोलेल.”

“आणि मामा थांबले की?”

“फरशीही थांबेल.”

“मग चालेल. गजर टिपेला गेला की मी हात वर करते, सगळं थांबतं. तेवढी शांतता कुणी मोडायची नाही. सगळं कीर्तन मी त्या शांततेसाठी करते. तिथून पुढे मी बोलायचं नसतं, त्याने बोलायचं.”

संध्याकाळी सभागृह भरलं. मोबाइल दारातल्या टोपलीत गेले. धुम फरशीतून उठली आणि कित्येक महिन्यांनी कुणीही जागचं हललं नाही. इंदुताई खुलल्या. पूर्वरंग संपताना त्यांनी जरासा हात वर केला. पखवाज थांबला.

व्यासपीठाखाली यंत्राशी बसलेल्या शर्वाणीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. छातीत काहीच नव्हतं. तिचं हृदय वाट बघत होतं.

तिसऱ्या ओळीतला एक तरणा गृहस्थ शेजाऱ्याच्या खांद्यावर कलंडला.

“भाव दाटून आला हो,” शेजारी कौतुकाने कुजबुजला.

मामांची पुढची थाप पडली. त्या माणसाने मान वर केली. शर्वाणीच्या छातीतही ठोका परत आला.

आता तिला सगळं समजलं. पायठोका आल्यापासून ही माणसं खऱ्या शांततेत कधी बसलीच नव्हती. ही पहिली, आणि तीही काही क्षणांची. शेवटची तर ताई चांगली लांबवत.

टाळकरी चाल धरून होते तेवढ्यात ती वाकून व्यासपीठावर चढली.

“आत्या, शेवटी थांबू नका. यांची हृदयं आपणहून सुरू होत नाहीयेत.”

ताईंनी माइक बाजूला धरला. “काहीतरीच! अगं, थांबायचंच नाही तर कीर्तन कशाला केलं मी?”

“माझंही होत नाहीये, आत्या.”

ताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. पण टाळांनी लय घेतली होती, आणि इतक्या वर्षांचा गजर त्यांना ओढून पुढे घेऊन गेला. लय चढत गेली. माणसं उभी राहिली, डोळे मिटले. ताईंचा हात वर गेला.

पखवाज थांबला. टाळ थांबले.

शर्वाणीने कळ दाबली.

धुम. धुम. धुम. फरशीखालून, बारीक, एकसारखी. ताईंनी खाली फरशीकडे पाहिलं. सगळ्या सभागृहात तो आवाज फक्त त्यांना ऐकू येत होता.

कीर्तन संपल्यावर त्या शर्वाणीजवळ येऊन बसल्या. रागावल्या नाहीत. तिच्या छातीवर तळवा ठेवला आणि फरशीचा ठोका आधी, मग पोरीचा, असं कितीतरी वेळ चाचपत राहिल्या.

“बंद कर आता.”

“माणसं अजून दारात आहेत, आत्या.”

“मग ती गेली की.”

“तेव्हा मी इथेच असेन ना.”

ताईंचा तळवा तिथेच राहिला. “कधी सुटणार गं हे?”

“थोडं थोडं करून सोडवता येईल कदाचित. पण त्याआधी लोकांना कळायला हवं, की काहीतरी वाजतंय.”

तिसऱ्या ओळीतला तो गृहस्थ पाया पडायला वाकला. त्याचे डोळे भरले होते.

“ताई, शेवटची ती शांतता… एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती.”

इंदुताईंनी सवयीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. कोपऱ्यात एकनाथमामा सुरीने पखवाजावरची कणीक खरवडून काढत होते. पखवाज मुका झाला. फरशी बोलतच होती.